बिनतुपाचे डिंकाचे लाडू

दिवाळीचा फराळ आमच्या घरी बाहेरच्या खोलीत मांडतात, आणि तो मांडला की माझी बायको उठून आतल्या खोलीत जाऊन बसायची. डॉक्टरने साखर निघाली असं सांगितलं तेव्हापासून तिनं हे सुरू केलं. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं. ती म्हणायची, "ताट समोर आलं का हात जाते. त्यापेक्षा मी आतच बरी."

आता ही बाई अशी, की जवानीत ती फराळाला बसली की तिचं हसणं रुळाच्या पलीकडे ऐकू जायचं. आम्ही रायपूरला गुढियारीत राहतो, रुळ आमच्या मागेच आहेत, तरी मालगाडीच्या आवाजात ते ऐकू जायचं म्हणजे बघा. आणि आता पाहुणे आले, काकू कुठं आहेत म्हणून विचारलं, की आतून आवाज यायचा, "इथीच हाय जी! घ्या ना, चकली घ्या!" परक्या माणसाला वाटावं, या घरची भिंतच आग्रह करून राहिली. मला ते आवडत नव्हतं. बायको असताना भिंतीचा आग्रह कशाला पाहिजे?

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं सारी उमर रेल्वेत मालगाडीचे डबे दुरुस्त केले. मी आवळलेला बोल्ट कधी ढिला झाला असं कोणी दाखवून द्यावं. अजून कोणी दिलेलं नाही.

यंदा सूनबाईनं जाहीर केलं की घरात पौष्टिक फराळ होणार. ती नव्या रायपुरात मोठ्या ऑफिसात आहे, नागपूरची पोरगी, हुशार आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिनं शंकरपाळे भट्टीत भाजले. चकलीसाठी एक यंत्र आणलं, ते हवेत तळतं. हवेत तळलेली चकली मी पाहिली. दुरून चकलीसारखी दिसते.

मी विचारलं, "यातलं तुमच्या सासूले काय चालते?"

"थोडं थोडं सगळंच चालतं बाबा. पण गोड असं काही नाही त्यात. गोडाचं मी पुढच्या वर्षी बघते."

पुढच्या वर्षी! म्हणजे यंदाही आमची भिंतच बोलणार. माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, "गोड मी करतो."

नातीनं कानातलं गाणी ऐकायचं बोंडूक काढलं. ही पोट्टी मराठी सगळी समजते, बोलते मात्र हिंदी. म्हणाली, "आबा, आपको आता है?"

"मालगाडीचे डबे उभे केले मी. लाडू काय मोठी गोष्ट हाय?"

सूनबाईनं अटी सांगितल्या. साखर नाही, गूळ नाही, खजूर बेताचा, तूप कमी.

"कमी म्हणजे किती?"

"थोडं हो बाबा. चमचा दोन चमचे."

हे अर्धवट काम मला जमत नाही. ब्रेक एकतर लागलेला असतो, नाहीतर नसतो. थोडा लागला असं म्हणणाऱ्याला आम्ही कारखान्यात उभं करत नव्हतो. मी म्हणालो, "मग तूपच नाही."

"बाबा, थोडं चालतं त्यांना. मी विचारलंय डॉक्टरांना."

"नाही म्हणजे नाही. काढलं ते पुरतं काढलं."

डिंकाचे लाडू करायचे ठरवले, कारण थंडीत आमची आई तेच करायची आणि आमच्या घरात त्यामुळे कोणाचे गुडघे दुखले नाहीत. कोदोचं, म्हणजे कोद्र्याचं पीठ घेतलं, आमच्या इकडे कोदो चांगला मिळतो. नाचणी घेतली, जवस घेतलं. सगळं कोरडंच भाजलं. मग डिंक आला.

बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अजी, डिंक तुपात फुलवा लागते."

"तूप नाही."

"मग थो फुलीन कसा?"

"नाही फुलला तर नाही फुलला. त्याले फुलून काय करायचं हाय? लाडवात तर जायचं हाय."

"मग डिंकच नका टाकू."

"डिंकाच्या लाडवात डिंक नाही टाकायचा? तू जाऊन बस."

ती गेली नाही. मी डिंक गरम पाण्यात विरघळवला. फार सुंदर विरघळला, काचेसारखा. खजूर ठेचून त्यात शिजवला, वरून पीठं ओतली आणि परातीत घेऊन मळलं. मिश्रण असं एकजीव झालं की त्या एकजीवात मीही आलो. उजवा हात परातीतून निघेना. ओढला तर परात बरोबर येऊ लागली.

नेमके तेव्हाच समोरच्या घरातले गार्डसाहेब आले. हे मालगाडीचे रिटायर गार्ड. आमची नोकरीपासूनची ओळख आणि नोकरीपासूनचाच वाद, की गाडी कोणामुळे चालते. मी दार डाव्या हातानं उघडलं. उजव्या हाताला परात लोंबत होती.

"मिस्त्रीजी, हे काय?"

"लाडू करून राहिलो."

"का लाडू तुम्हाले करून राहिले?"

मी बसा म्हणालो. त्यांनी चहा घेतला, हवापाण्याच्या गोष्टी केल्या, मीही केल्या, परात मांडीवर घेऊन. ते गेल्यावर बायकोनं गरम पाणी ओतून माझा हात सोडवला. तिचे खांदे हलत होते ते मी पाहिलं.

मग मी लाडू वळले. वळले म्हणजे आवळले. माझ्या उजव्या अंगठ्याचं टोक डब्यांच्या सांध्यात सापडून कधीचं चपटं झालेलं आहे, त्यामुळे प्रत्येक लाडवावर एक तिरका खळगा उमटला. तो मी मुद्दाम बुजवला नाही. कारखान्यात आम्ही आपापल्या कामावर खडूची खूण करायचो, म्हणजे काम कोणाचं ते कळावं. बायकोच्या लाडवाच्या खळग्यात मी एक चारोळी बसवली. तो लाडू सगळ्यात गोल होता.

ते गच्चीवर उन्हात वाळवले. एका कावळ्यानं एक उचलला. थोडं उडाला, मग त्याला वजन झेपेना, त्यानं तो बाजूच्या घराच्या टिनावर सोडला. असा आवाज झाला की बाजूवाली अंगणात धावत आली. ही छत्तीसगढी बाई, माझ्या मुलीच्या वयाची, मला कका म्हणते. ओरडली, "कका, मोर टीन ऊपर पथरा कोन फेंकिस?"

"पथरा नोहे बेटी, लड्डू आय!"

लाडू मी जाऊन आणला. टिनाला खड्डा पडला होता, लाडवाला चीरही नव्हती. मी सूनबाईला नेऊन दाखवला. म्हटलं, "यंत्रातली चकली अशी पडली असती तर पीठ झालं असतं." तिनं लाडू हातात तोलून पाहिला आणि परत दिला.

पाडव्याला गल्ली फराळाला आली. मी सकाळीच बायकोला सांगितलं, आज आत बसायचं नाही, तुझं गोड झालेलं आहे. ती नवं लुगडं नेसून बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली, आणि मी सगळ्यांसमोर तिच्या हातात चारोळीवाला लाडू दिला. सगळ्यांना सांगितलं, "हे खास हिच्यासाठी बनवलं. साखर नाही, गूळ नाही, तुपाचा थेंब नाही. हवं तेवढं खावं!"

"हवं तेवढं नाही, एक," सूनबाई म्हणाली.

सगळ्यांनी लाडू घेतले. खोलीत नुसते गाल हलत होते. नातीनं लाडू टेबलावर ठोकला आणि म्हणाली, "आबा, ये खाना है या इससे खेलना है?" तिच्या आईनं तिला डोळे दाखवले. गार्डसाहेबांनी लाडू या गालातून त्या गालात नेला. त्यांना बोलायचं होतं पण जागा नव्हती. शेवटी तो रुमालात घेऊन म्हणाले, "मिस्त्रीजी, असा लाडू जन्मात पाहिला नाई."

बायकोनं पदर तोंडापुढे धरला होता. पदराआड तोंड हलत होतं. मी विचारलं, "कसा हाय?"

"छान झाला जी."

मग ती बोलू लागली. जत्रेतली गोष्ट, तिच्या लग्नातली म्हैस सुटल्याची गोष्ट, सगळ्या निघाल्या. संध्याकाळ होईपर्यंत ती त्या खुर्चीवरून हलली नाही. मागून मालगाडी गेली तेव्हा ती हसत होती, आणि मला तिचं हसणं ऐकू आलं, गाडीचा आवाज नाही. मी मिशीवर हात फिरवला. ज्याला जे समजायचं ते त्यानं समजावं.

उरलेले लाडू बायकोनं ताटांमध्ये घालून घरोघर पाठवले. आमच्यात फराळाचं ताट आलं की ते रिकामं परत करत नाहीत. त्यात आपल्या घरचं काहीतरी घालून वर रुमाल टाकून परत द्यायचं, निदान साखर तरी. त्यामुळे दिवाळीत ताटं आठवडाभर फिरतच असतात. मी गल्लीत भेटेल त्याला विचारायचो, लाडू कसे झाले? सगळे एकच सांगत, "संपले!" गार्डसाहेब म्हणाले, "आल्या आल्या संपले." मी सूनबाईला कोदो आणायला सांगितला. आणखी एक घाणा काढू म्हटलं. तिला एकदम ऑफिसातून फोन आला. फोन वाजलेला मी ऐकला नव्हता, पण तिला आला होता.

दोन दिवसांनी रुळापलीकडच्या ब्राह्मणपाऱ्यातून माझ्या मेहुणीचं ताट आलं. करंज्या, चिवडा, आणि मध्ये एक लाडू. मी उचलला तर वर माझा अंगठा. ब्राह्मणपाऱ्यात तर आम्ही लाडू पाठवलेच नव्हते. मी काय समजलो? मी समजलो की वस्तू चांगली आहे, लोक एकट्यानं खात नाहीत, नातेवाइकांना पाठवतात. मी नातीला म्हटलंही, "पाहा, तुझ्या आबाचा लाडू ब्राह्मणपाऱ्यात पोहोचला."

"और वापस भी आ गया," ती म्हणाली.

मग माझ्या पोराचा दोस्त बीरगावहून आला. तिथं कारखान्यात आहे तो. मिठाईचा डबा घेऊन आला. डब्यात बर्फी, आणि बर्फीच्या खाली माझे लाडू. "काका, हे कोणीतरी फॅक्टरीत दिले, एकदम हेल्दी आहेत म्हणे. म्हटलं तुमच्याकडे आई आहेत, त्यांना चालतील." मी त्याला पोटाशी धरलं. माझा लाडू बिनतिकिटाचा सारा रायपूर फिरून, कारखान्यात जाऊन आला होता. सूनबाई छताकडे बघत होती. माझा पोरगा बाहेर निघून गेला. मला वाटलं, जळतात.

नंतर बाजूवाली आली. तिच्या ताटात ठेठरी आणि खुरमी होती. छत्तीसगढी घरातली ही बेसनाची आणि कणकेची तळलेली वस्तू, मला फार आवडते. म्हणाली, "कका, ये लड्डू ला मोर घर कोनो दे गे रिहिस. हमर घर कोनो नइ खावँय, सोचेंव तुमन ला दे दँव." मी रुमाल बाजूला केला. खुरमीच्या खाली लाडू होता, सगळ्यात गोल. त्याच्या खळग्यात चारोळी होती.

मी माझा अंगठा त्या खळग्यात लावून पाहिला. मग लाडू घेऊन आत गेलो. बायको तांदूळ निवडत होती. मी तो तिच्या सुपात ठेवला. तांदूळ उडाले.

"हा तुझा होता."

तिनं पाहिलं. "हो जी."

"तू तर खाल्ला होता. पदराआड."

"नुसतं तोंड हलवलं. लावलाच नाई तोंडाले. माझी कवळी तुटली असती जी." मग सुपातले तांदूळ सरळ करत म्हणाली, "दुसऱ्या दिवशी ताटात घातला. इतका फिरून येईन असं वाटलं नाई."

"काहून? मले सांगायचं ना."

"काय सांगू? तुम्ही साऱ्या गल्लीले सांगत होते का हिच्यासाठी केला. हातात लाडू होता म्हून मी खुर्चीवर बसली. नाई खाऊन राहिली असं दिसलं असतं तर माझं तिथी काय काम होतं? आत जा लागलं असतं."

"मी तुले कधी आत पाठवलं?"

"तुम्ही नाई जी. मीच जातो."

मला बोलता आलं नाही म्हणजे मी हातोडा काढतो. माझ्याजवळ भंगारातून घेतलेला रुळाचा एक तुकडा आहे, अंगणात असतो, त्यावर मी खिळे सरळ करतो. लाडू त्यावर ठेवला. चारोळी आधी काढून बायकोच्या हातावर दिली. मग घाव घातला. लाडू सुटला आणि तुळशीच्या कुंडीला लागून बाजूवालीच्या टिनावर गेला.

"कका!"

"आणून दे बेटी!"

दुसऱ्यांदा फडक्यात बांधून ठोकला. तेव्हा फुटला. मी म्हणालो, "आण, सगळे आण." मेहुणीकडचा आणला, बीरगावचे आणले. मी ठोकत होतो, रुळ वाजत होता, आणि गल्लीला वाटलं की कुठं गाडी घसरली. गार्डसाहेब बनियनवरच धावत आले. मी फडकं उघडून दाखवलं. त्यांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घरी गेले. परत आले तेव्हा हातात लाडू होते. "कूलरच्या पायाखाली लावले होते, मिस्त्रीजी. कूलर हलत होता."

"लाडू लावल्यावर हलला?"

"नाई. एकदम पक्का बसला होता."

"मग! काम कोणाचं हाय?"

मग पुढच्या घरातून एक बाई आली, तिनं दाराला अटकाव म्हणून ठेवला होता. कोणी पोळ्यांच्या डब्यावर वजन म्हणून ठेवला होता. एकेक जण येऊन खाली मान घालून लाडू माझ्या रुळाजवळ ठेवत होता. कोणीही फेकला नव्हता, हे मी इथं लिहून ठेवतो. टाकण्यासारखी वस्तू असती तर लोकांनी टाकली असती.

गार्डसाहेबांनी दुसरा हातोडा आणला. आम्ही समोरासमोर बसून ठोकलं, ते आणि मी. इतक्या वर्षांत आम्ही प्रथमच एका कामाला लागलो होतो. त्यातही त्यांनी सांगितलं की हातोडा ते सांगतील तेव्हा उचलायचा. मी ऐकलं नाही.

तोवर बायको उठली होती. तिनं ती भुकटी चाळणीतून काढली, मोठ्या पातेल्यात दूध तापवलं, वेलची टाकली आणि भुकटी हळूहळू सोडली. डिंक दुधात विरघळला, मऊ झाला, खीर दाटसर झाली. घरभर भाजल्या कोदोचा वास सुटला. सूनबाई चमच्यानं चाखून म्हणाली, "आई, हे तर खरंच छान लागतंय." ते 'खरंच' कशाला पाहिजे होतं, मला कळलं नाही, पण असो.

अंगणातच वाट्या वाटल्या. बाजूवालीनं ठेठरी खिरीत बुडवून खाल्ली आणि म्हणाली, "हव कका, अब बने लागत हे." बने म्हणजे छान. बायको तुळशीजवळ खुर्ची घेऊन बसली. वाटी घेतली, पदर बाजूला सारला आणि सगळ्यांसमोर खाल्ली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. घास खाली जातो का बघत होतो. गेला. वाटी संपल्यावर तिनं ती पुढं केली. सूनबाई म्हणाली, "आई, बस आता, उद्या साखर तपासायची आहे." तेव्हा तिनं गार्डसाहेबांच्या बायकोकडे वाटी दिली आणि म्हणाली, "तू घे वं. मी पाहतो तुले खाताना." आणि तिथंच बसून राहिली, उठून आत गेली नाही.

गार्डसाहेब मला म्हणाले, "मिस्त्रीजी, पहिलेच खीर का नाही केली?"

"खीरच करायची होती. आधी लाडू करा लागते."

नात मागून हसत होती. तिला मी एक वाटी जास्त दिली.

सगळे गेल्यावर बायको पातेलं घासत म्हणाली, "पुढच्या वर्षी लाडू मी सांगीन तसे करायचे. डिंक मी फुलवीन. तुम्ही नुसते वळजा. अन् हळू वळजा."

"कशात फुलवशीन?"

"तुपात. चमचाभर."

ते मी अजून कबूल केलेलं नाही. तिनं मात्र चारोळी तेव्हापासून देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवली आहे, पुढच्या वर्षीच्या लाडवात लावायला म्हणते. आणि ती खुर्ची बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच आहे. तिचा एक पाय हलत होता, त्याच्याखाली मी एक लाडू लावला आहे. तो ठोकायचा राहून गेला होता.